माखनफळाची ताजी चटणी

विद्यार्थिमित्रहो, स्वयंपाकाची एखादी कृती हा शालेय वार्षिकातील अभ्यासलेखाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका हे शीर्षक वाचून तुमच्या मनात आली असेल. वर्गात आपण इतिहास, भूगोल, भाषा आणि विज्ञान निरनिराळ्या तासांना शिकतो. परंतु घरातील एका लहानशा वाटीत हे चारही विषय एकत्र नांदत असतात. ते कसे, हे दाखवावे म्हणून हा लेख लिहीत आहे. शिवाय माझ्या हातून घडलेली एक चूक सांगून टाकावी, हाही एक हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी बंगळूरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने कोडगूकडची चार फळे आमच्या सुर्ल्याच्या घरी आणून दिली. हिरवीगार, नासपतीच्या घाटाची आणि दगडासारखी घट्ट. "तिकडे यास बटर फ्रूट म्हणतात," एवढेच सांगून तो पुढील प्रवासास निघून गेला. मी घरातला पदवीधर. तेव्हा या फळाचे काय करावे, हे आईने साहजिकच मला विचारले. मला काहीच ठाऊक नव्हते. पण "मला माहीत नाही" हे तीन शब्द उच्चारणे जिवावर आले आणि "कच्च्या पपईसारखी भाजी कर" असे मी बेधडक सांगितले. आईने फळे चिरली, फोडणी दिली, वर खोबरे घातले. भाजी अशी कडू झाली की पहिल्या घासालाच सर्वांनी पाने दूर सारली. आमच्या घरची भाषा कोंकणी. "आयज तुजें रांदप कशें गो बिगडलें?" असे वडील म्हणाले. आई खाली मान घालून उगी राहिली. मीही उगाच राहिलो. चूक माझ्या अज्ञानाची होती आणि बोल मात्र तिच्या हाताला लागला.

ती रुखरुख मनात राहिल्यामुळेच या फळाची नीट माहिती मी मिळविली. ती आता तुमच्यापुढे ठेवतो.

नाव आणि कूळ

इंग्रजीत यास अ‍ॅव्होकाडो म्हणतात. आतील गर लोण्यासारखा मऊ असल्यामुळे मराठीत माखनफळ हे नाव रूढ होत आहे. शास्त्रज्ञ त्यास पर्सिया अमेरिकाना म्हणतात. हा वृक्ष दालचिनी, तमालपत्र आणि कापूर यांच्या कुळातला आहे, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. म्हणजे फळ परके असले तरी त्याचे भाऊबंद आपल्या मसाल्याच्या डब्यात फार दिवसांपासून बसलेले आहेत!

त्याची मायभूमी मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तेथील नाहुआट्ल भाषेत या फळास आहुआकात्ल आणि वाटणास किंवा कालवणास मोल्ली म्हणत. दोन्ही शब्द जोडून आहुआकामोल्ली झाले आणि स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचे ग्वाकामोले बनले. अर्थ सरळ आहे : माखनफळाचे वाटण. चिली, टोमॅटो आणि चॉकलेट हे जगभर पसरलेले शब्दही त्याच भाषेतून निघाले आहेत.

आता इतिहासाकडे वळू. १५१० साली अफोंसो दे अल्बुकर्क याने गोवा शहर जिंकले. १५२१ साली एर्नान कोर्तेस याने मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान घेतली. ही दोन नगरे एकमेकांपासून हजारो कोस दूर. परंतु अकरा वर्षांच्या आत दोघांचेही भवितव्य समुद्रापलीकडून आलेल्या गलबतांनी पालटले. राज्ये गेली, माणसे भरडली गेली. तथापि त्याच गलबतांतून बियाही इकडून तिकडे गेल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मार्फत अमेरिकेतील मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिला आपण कोंकणीत मिरसांग म्हणतो, आणि तिच्यावाचून हुमणाची कल्पनाही आज आपणांस करवत नाही. काजू, पपई, अननस, बटाटा हेही सारे अमेरिकेचे पाहुणे. उलट दिशेने कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हे स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेले. म्हणून आजची ग्वाकामोले ही अर्धी त्यांच्या मातीची आणि अर्धी आपल्या बाजूच्या जगाची आहे.

माखनफळास मात्र आपल्याकडे येण्यास फार उशीर लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते श्रीलंकेच्या वाटेने दक्षिण भारतात आले आणि कर्नाटक, केरळ, तामिळनाडू येथील डोंगराळ भागांत रुजले. आता म्हापशाच्या बाजारातही ते दृष्टीस पडते.

फळाची पारख

आमची पहिली चूक अशी की आम्ही कच्चे फळ चिरले. माखनफळ झाडावर तयार होते, पण झाडावर मऊ होत नाही. काढल्यानंतरच ते पिकू लागते आणि त्यास साधारणतः तीन ते सात दिवस लागतात. आपण आंबे गवतात किंवा तांदळाच्या डब्यात पिकत घालतो, तसेच यासही घालावे. शेजारी एखादे पिकलेले केळे ठेवले तर अधिक उत्तम. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो शेजारच्या फळास पिकण्याची सूचना देतो. आपल्या आजीबाईंनी त्या वायूचे नाव ऐकले नव्हते; पण त्याचे काम त्यांना पुरते ठाऊक होते.

फळ तळहातावर घेऊन देठाजवळ अलगद दाबून पाहावे. किंचित दबले तर ते तयार झाले असे समजावे. बोट आत रुतले तर वेळ टळून गेली. सालीच्या रंगावर सर्वस्वी विसंबू नये. हास या जातीची साल पिकल्यावर काळपट जांभळी होते. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास नावाच्या एका टपालवाल्याने १९३५ साली या जातीचे एकस्व मिळविले होते. परंतु आपल्याकडे मिळणारी कित्येक फळे पिकल्यावरही हिरवीच राहतात.

आमची दुसरी चूक म्हणजे फोडणी. हा गर तापविला की त्यात कडवटपणा उतरतो. यास्तव तो कच्चाच, ताजाच खावयाचा असतो. अपराध आईच्या हाताचा नव्हता. विस्तवाजवळ नेऊ नये ते फळ आम्ही विस्तवावर चढविले होते.

कृती

चार माणसांस पुरेल असे साहित्य : पिकलेली मध्यम आकाराची माखनफळे दोन, लहान कांदा एक, हिरव्या मिरच्या एक किंवा दोन, लहान टोमॅटो एक, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस आणि चवीपुरते मीठ.

प्रथम फळ सालीसकट धुऊन घ्यावे. ते पाटावर आडवे ठेवून बियेपर्यंत सुरी जाईल असा सभोवार छेद द्यावा आणि दोन्ही भाग उलटसुलट पिळून वेगळे करावेत. बी चमच्याने काढावी. फळ तळहातावर धरून बियेत सुरी खुपसण्याचे धाडस कोणीही करू नये. सुरी निसटून हात कापल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लहान मुलांनी हे काम मोठ्यांदेखतच करावे.

त्यानंतर मिरची, कोथिंबीर, मीठ आणि निम्मा कांदा रगड्यात किंवा पाट्यावर वाटून घ्यावा. हे वाटण आधी करावयाचे, कारण मिठाने व घर्षणाने मिरची-कोथिंबिरीचा रस सुटतो आणि तो मग गरात सर्वत्र सारखा मिसळतो. नंतर चमच्याने गर काढून त्यात घालावा, लगेच लिंबू पिळावे आणि हलक्या हाताने घोटावे. अगदी गुळगुळीत करू नये. मधून मधून गराचे तुकडे दाताखाली यावेत. शेवटी उरलेला कांदा आणि बिया काढून बारीक चिरलेला टोमॅटो मिसळावा. टोमॅटोच्या बिया काढल्या नाहीत तर चटणीस पाणी सुटते. चव पाहूनच मीठ वाढवावे.

मेक्सिकोत हे वाटण ज्वालामुखीच्या दगडातून कोरलेल्या तीन पायांच्या खलात करण्याची प्रथा आहे. त्यास मोलकाहेते म्हणतात आणि त्या नावातही तोच मोल्ली शब्द दडलेला आहे. तिकडे ते मक्याच्या भाकरीशी खातात. आपण तांदळाच्या भाकरीशी, पोईशी किंवा फणसाच्या तळलेल्या गऱ्यांशी खावे.

या फळाच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश असतो. ओल्या खोबऱ्यात तो सुमारे ३३ ग्रॅम असतो. माखनफळातील स्निग्धांश बहुतांशी ऑलिव्ह तेलासारखा आहे. ते पौष्टिक आहे यात शंका नाही. तथापि ते महाग आहे, आणि रोजच्या नारळाची, डाळीची किंवा ताकाची जागा त्यास द्यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. फळ स्वस्त मिळेल तेव्हा हौसेने करावे.

रंग का बदलतो?

ही चटणी करून ठेवली की तासाभरात वरून तपकिरी होऊ लागते. मी कला शाखेचा विद्यार्थी. म्हणून याचे कारण मी आमच्या विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतले. फळ चिरले की त्याच्या पेशी फुटतात. पेशीतील एक विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने गरातील फिनॉल वर्गातील द्रव्यांचे रूपांतर करते आणि त्यातून तपकिरी रंग तयार होतो. चिरलेले वांगे व कच्चे केळे काळे पडते ते याच कारणाने; म्हणूनच आपल्या घरी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकतात.

चटणीत बी ठेवली म्हणजे ती काळी पडत नाही, असे मी कोठेसे ऐकले होते आणि वर्गात तसे ठामपणे सांगूनही बसलो. "सर, करून पाहू या का?" असे एका विद्यार्थिनीने विचारले. या वेळी मी मागचा धडा विसरलो नव्हतो. आम्ही चार वाट्या घेतल्या. सर्वांत सारखाच गर घोटून घातला. पहिली तशीच उघडी ठेवली. दुसरीत मधोमध बी ठेवली. तिसरीत लिंबाचा रस मिसळला. चौथीत गर दाबून सपाट केला आणि त्यावर पाण्याचा पातळ थर राहील इतके पाणी हळूच ओतले. पाहण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिला. बहुतेकांनी माझ्यावर विश्वास ठेवून बियेच्या बाजूने मत दिले.

दुपारच्या तासाला वाट्या पाहिल्या. पहिली वरून तपकिरी झाली होती. दुसरीही तशीच, बी उचलली तेव्हा तिच्याखाली तेवढी हिरवी गोल जागा आढळली. तिसरीचा रंग पुष्कळसा टिकला होता. चौथीतील पाणी ओतून टाकले तेव्हा तिचा गर सर्वांत हिरवा निघाला. अर्थ उघड झाला. बियेत कसलीही जादू नाही. ती जेवढी जागा झाकते तेवढीच राखते. पाण्याने हवा अडविली. लिंबातील आम्लाने विकराचा जोर कमी केला आणि त्यातील क जीवनसत्त्वानेही रंग धरण्यास साहाय्य केले. पहिल्या वाटीचा वरचा थर खरवडला तर खाली हिरवा गर होताच, कारण तेथवर हवा पोचली नव्हती.

मी फळ्यावर लिहिले : "सरांचा अंदाज चुकला." वर्ग हसला, मीही हसलो. पदवीला काही कमीपणा आल्याचे मला जाणवले नाही.

सावधगिरी

खेड्यातील घरांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. माखनफळाची साल, बी आणि पाने गुरांपुढे, शेळ्यांपुढे किंवा कोंबड्यांपुढे टाकू नयेत. त्यांत पर्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते जनावरांस व पक्ष्यांस अपायकारक ठरते. बी रुजवून पाहावयाची असेल तर अवश्य रुजवा. परंतु बियेपासून वाढलेले झाड फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात आणि मुळांशी पाणी साचले तर ते कुजते. आपल्याकडील पावसात त्यास उताराचीच जागा द्यावी.

समारोप

पुढल्या खेपेस फळे आली तेव्हा ती मी तांदळाच्या डब्यात पिकत घातली. मिक्सर आल्यापासून कोपऱ्यात पडून राहिलेला रगडा धुऊन काढला आणि आईला सारी कृती सांगितली. मिरची, मीठ व कोथिंबीर आधी वाटावयाची, हे मी सांगण्यापूर्वीच तिच्या हाताने ती आत टाकली होती. जे मला वाचून कळले ते तिला वाटून कळले होते. फक्त फळाचा स्वभाव तिला ठाऊक नव्हता, आणि तो सांगण्याचे काम माझे होते.

जेवताना मी वडिलांना म्हटले, "त्या दिवशी भाजी बिघडली ती माझ्यामुळे. मला माहीत नव्हते आणि माहीत आहे असे मी आईला सांगितले." वडिलांनी भाकरीचा तुकडा चटणीला लावला, खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागितली. आई म्हणाली, "हें फळ न्हय रे, लोणी हें!"

विद्यार्थिमित्रहो, नवी वस्तू दारात आली म्हणजे तिला परकी म्हणून झिडकारू नये. तिच्याविषयी ऐकीव गोष्ट खरी धरून पुढेही जाऊ नये. माहीत नसेल तर तसे सांगावे, जाणत्यांस विचारावे आणि जमेल तेथे चार वाट्या मांडून पाहावे.

स्वाध्याय

१. आज तुमच्या घरी शिजलेल्या पदार्थांतील जिन्नसांची यादी करा. त्यांपैकी अमेरिकेतून आलेले कोणते, ते शोधून काढा.
२. चार वाट्यांचा प्रयोग चिरलेल्या वांग्यावर किंवा कच्च्या केळ्यावर करा. अंदाज आधी लिहा, निष्कर्ष नंतर.
३. घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊक असलेली, परंतु कारण ठाऊक नसलेली एक रीत लिहून आणा. तिचे कारण आपण वर्गात मिळून शोधू.