तळहाताचा दाब आणि वीस मिनिटे

गच्चीवरील टाकीचे पाणी नळातून जोरात येत असते. नळाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला की धार थांबते. हे तुम्ही अनेकदा केले असेल. अशीच साधी कृती महामार्गावर एखाद्याचा प्राण वाचवू शकते. कशी, ते पाहू.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातून पुणे–छत्रपती संभाजीनगर, नगर–मनमाड आणि संगमनेरवरून जाणारा पुणे–नाशिक असे वर्दळीचे रस्ते जातात. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मालमोटारी आणि शिर्डीचे पदयात्री यांची एकाच रस्त्यावर गर्दी होते. समजा, येथे अपघात झाला आणि एका जखमीच्या पायातून मिनिटाला १०० मिलिलिटर रक्त वाहत आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील २ लिटर गेले की प्राणावर बेतते. म्हणजे हाती वेळ किती? २००० भागिले १००, अर्थात २० मिनिटे. आता रुग्णवाहिका २० किलोमीटरवर असेल आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने आली, तर तिलाही २० मिनिटेच लागतील! तोपर्यंत रक्त थोपवायचे कोणी? जो जवळ उभा आहे, त्याने.

त्यासाठी बळ किती लागेल? हृदय आकुंचन पावते तेव्हा रोहिणीतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर स्तंभाएवढा असतो. म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला १.६ न्यूटन. जखमेवर ५ सें.मी. लांब व ५ सें.मी. रुंद घडी ठेवली, तर क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर झाले.

बल = दाब × क्षेत्रफळ = १.६ × २५ = ४० न्यूटन

हे सुमारे ४ किलोग्रॅम वजनाएवढे झाले. मधल्या मांसात दाब पसरतो, म्हणून प्रत्यक्षात याहून बराच अधिक जोर लावावा लागतो. तरीही तो तुमच्या आवाक्यातला आहे.

मात्र क्रम चुकवू नका. आधी स्वतः वाहनांपासून सुरक्षित राहा. १०८ किंवा ११२ ला दूरध्वनी करून किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगा. मग स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून सतत दाबा. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी ती उचलू नका. भिजली तर वर दुसरी ठेवा. जखमेत काही रुतले असल्यास ते उपसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. आगीसारखा धोका नसेल तर जखमीला हलवू नका; मानेला इजा झालेली असू शकते. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

“पोलिसांचे झंझट मागे लागेल” या भीतीने पुष्कळ लोक दूर उभे राहतात. परंतु २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेल्या १३४-ए या कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

आता एक प्रयोग. वर्गात वजनकाटा आणा. त्यावर तळहात ठेवून काटा ४ किलोग्रॅमच्या पुढे न्या आणि ५ मिनिटे तसाच धरून ठेवा. हात भरून येईल. मग शेजारच्या मित्राला तुमची जागा घ्यायला सांगा. रस्त्यावरही असेच करावे लागते.