हलव्याचा कांटा

तिळाचा एक दाणा तळहातावर घेऊन पाहावा. तो चपटा, गुळगुळीत आणि एका टोकास निमुळता असतो. कांट्याची खूणसुद्धां त्यावर नसते. हाच दाणा साखरेच्या पाकांत तीन-चार दिवस वाढला म्हणजे संक्रांतीचा हलवा होतो व त्याच्या सर्वांगावर शुभ्र कांटे उभे राहतात. हे कांटे कोण कोरतो, असा प्रश्न आम्हांस लहानपणीं पडे. "थंडीनें येतात," एवढेंच उत्तर मिळे. तें खोटें नव्हतें. पण विद्यार्थ्यानें तेवढ्यावर थांबूं नये.

पौष लागला कीं आमच्या शेजारच्या आजी कोळशाच्या शेगडीवर पितळेची परात ठेवीत. निखाऱ्यांवर राख ओढलेली असे. परात हातास सोसेल इतकीच तापावयाची. साखरेंत पाणी घालून उकळी आणावयाची, थोडें दूध घालून वर आलेली मळी काढून टाकावयाची आणि एकतारी पाक करून ठेवावयाचा. मग परातींतल्या तिळांवर एक चमचा पाक सोडून बोटांच्या टोकांनीं ते सारखे हलवीत राहावयाचें. पाक सुकला कीं दुसरा चमचा. असें सकाळभर चाले. पाक एकदम ओतला तर गोळे होतात. विस्तव वाढला तर साखरेची भुकटी होऊन गळते. "नका रे घाई करूं, त्याला त्याचा वेळ घेऊं द्या," असें त्या आम्हां पोरांस बजावीत. आमचें लक्ष मात्र परातीच्या कडेस जमणाऱ्या चुऱ्यावर! खरें सांगावयाचें तर सणाच्या दिवशींच्या हलव्यापेक्षां तो चुराच आम्हांस अधिक गोड लागे.

हलवितात म्हणून हलवा, अशी पुष्कळांची समजूत आहे. शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ 'गोड पदार्थ' एवढाच. तरी ज्यानें ती परात एकदां पाहिली त्यास पहिली व्युत्पत्ति सोडवत नाहीं.

आतां कांट्याकडे वळूं. ऊन पाण्यांत साखर पुष्कळ विरघळते, थंड पाण्यांत कमी. २० अंश सेल्सियसला १ किलो पाण्यांत सुमारें २ किलो साखर मावते. उकळत्या पाण्यांत जवळजवळ ५ किलो. पाकाचा पातळ थर दाण्यावर पसरला व त्यांतलें पाणी उडून गेलें कीं न मावणारी साखर स्फटिकरूपानें बाहेर पडते आणि आधींच्या स्फटिकांस चिकटून वाढते. हा थर सर्वत्र सारखा बसत नाहीं. कोठें तरी केसाएवढा उंचवटा राहतो. पुढच्या वेळीं तापलेल्या परातीस व ओल्या पाकास प्रथम शिवतो तो उंचवटा. तोच आधीं पाक घेतो व आधीं सुकतो. खळगे मागें पडतात, उंचवटे पुढें जातात, आणि कित्येक चमच्यांनंतर त्यांचाच कांटा होतो. पौषांतली कोरडी हवा थर लवकर सुकविते. पावसाळ्यांत हवा दमट असल्यामुळें साखर चिकट राहते व कांटा धरत नाहीं. तेव्हां 'थंडीनें येतात' या उत्तरांत थंडीपेक्षां कोरडेपणाचा वांटा मोठा, असें आमचें मत आहे.

हा प्रश्न केवळ आमच्या आळीचा नव्हे. जपानांत 'कोंपेइतो' नांवाची अशीच कांटेरी साखरेची गोळी आहे. पोर्तुगीज भाषेंतील 'कॉन्फेइतो' या शब्दावरून हें नांव पडलें. गोव्यांत शिक्षण झालेले पोर्तुगीज मिशनरी लुईश फ्रोइश यांनीं १५६९ सालीं ओदा नोबुनागा या सरदारास या गोळ्यांची कांचेची बरणी भेट दिली. पुढें १६८८ मध्यें इहारा साइकाकु या लेखकानें ती करण्याची रीत वर्णिली, तींत गाभ्यास चक्क तीळच आहेत! आतां तेथें गाभा रवाळ साखरेचा असतो, तिरप्या फिरत्या कढईंत काम चालतें, आणि एक-दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञानें तिच्या कांट्यांवर लेख लिहिला आहे. इंग्लंडांतहि धण्यांवर व शहाजिऱ्यांवर अशीच साखर चढवीत; नाताळच्या गोष्टींतला 'शुगरप्लम' तो याच जातीचा.

उतारवयांत आजींची दृष्टि गेली. तरी पुढें दोन पौष त्यांनीं हलवा केला. थर ओला असतां परातींत दाण्यांचा आवाज बसका येतो, सुकला कीं तो खडखडीत होतो. त्यावरून त्या पुढचा चमचा सोडीत. नव्या सुनेचा हार, नातवाच्या बोरन्हाणाचा मुकुट, सारे दागिने याच हलव्याचे. आमचें घर ख्रिस्ती. तरी एका संक्रांतीस आमच्या धाकट्या बहिणीच्या मनगटांतहि त्यांनीं हलव्याच्या बांगड्या घातल्या होत्या, आणि त्या चाखण्याचा मोह ती दिवसभर आवरीत बसली होती. आजी गेल्या. त्यांच्या कानांतली ती विद्या कोणीं लिहून घेतली नव्हती. आतां त्या घरीं हलवा बाजारांतून येतो.

विद्यार्थिमित्रहो, येत्या पौषांत हें काम येणाऱ्या कोणा आजीपाशीं वा मावशीपाशीं वही घेऊन बसा. पाक कसा, परात किती ऊन, दिवसांत चमचे किती, हें टिपून घ्या. आवाजहि लक्ष देऊन ऐका. मग मूठभर तीळ घेऊन स्वतः करून पाहा. पहिल्या दिवशीं कांटा दिसणार नाहीं. दाणा फक्त पांढरा होईल. परातीवर तलम कापड झांकून ठेवा व दुसऱ्या सकाळीं पुन्हां पाक घ्या.