पॉवरग्लाइड घरी बांधायचा, तर खर्च किती?

अमेरिकेतल्या रेसिंग पार्ट्सच्या कॅटलॉगात पॉवरग्लाइड गिअरबॉक्सचे ओव्हरहॉल किट अडीचशे डॉलरच्या आसपास दिसते आणि नवा माणूस हिशेब तिथेच थांबवतो. त्या किटमध्ये सील, गॅस्केट, फ्रिक्शन प्लेट, स्टील प्लेट आणि बहुतेक वेळा बँड एवढेच येते. ड्रॅग स्ट्रिपवर उभा राहील असा गिअरबॉक्स एवढ्यातून होत नाही. त्यात कन्व्हर्टर, इनपुट शाफ्ट, ट्रान्सब्रेक, कूलर, सुरक्षाकवच आणि हत्यारे धरा, म्हणजे पहिल्या बांधणीचा आकडा तीन हजार डॉलरच्या घरात जातो. तयार बांधलेला गिअरबॉक्स घेऊन बाकीची जोडणी केली तर साडेतीन हजार लागतात. म्हणजे पहिल्या खेपेला वाचतात जेमतेम पाचशे, आणि एक सील उलटे बसले तर तेही जातात.

तरीही मी स्वतः बांधा असेच सांगेन. ब्रॅकेट रेसिंग करणाऱ्याला हा गिअरबॉक्स दर एक-दोन हंगामांनी उघडावाच लागतो. दुसऱ्या वेळी हत्यारे घरात असतात, महागडे भाग शाबूत असतात आणि खर्च किट नि तेलापुरता, तीन-साडेतीनशे डॉलर होतो. हेच काम दुकानात दिले तर मजुरीसह सात-आठशेच्या खाली सहसा होत नाही. मिशिगन किंवा ओहायोत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि गॅरेजात जुनी नोव्हा किंवा कमारो आणून ठेवलेल्या मराठी वाचकांनी हे गणित आधी डोक्यात पक्के करावे. इथले सगळे आकडे अलीकडच्या बाजारातले ढोबळ आहेत. टॅक्स आणि शिपिंग वेगळे.

पॉवरग्लाइडच का

शेवरोलेने हा दोन गिअरचा ऑटोमॅटिक 1950 मध्ये आणला. रेसिंगवाले वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमच्या केसचा, 1962 ते 1973 या काळातला. पहिला गिअर 1.76 किंवा 1.82, दुसरा थेट एकास एक. ब्रॅकेट रेसमध्ये तुम्ही स्वतःच सांगितलेल्या वेळेच्या जितके जवळ धावाल तितके जिंकता. अख्ख्या धावेत गिअर एकदाच बदलायचा असेल तर वेळेतला चढउतार कमी होतो. आत फिरणारे वजनही कमी आहे. नव्या बांधणाऱ्याच्या दृष्टीने सर्वात मोठी गोष्ट म्हणजे आतले भाग थोडे आहेत: पुढे पंप, मग हाय क्लचचा ड्रम आणि त्याभोवती लो बँड, मागे प्लॅनेटरी गिअर सेट, त्याच्याही मागे रिव्हर्स क्लच, आणि खाली व्हॉल्व्ह बॉडी. बँड आवळला की पहिला गिअर. बँड सुटून क्लच धरला की दुसरा.

गाडी जड असेल, इंजिन फारसे ताकदवान नसेल आणि तीच गाडी रस्त्यावरही चालवायची असेल, तर पॉवरग्लाइडचा हट्ट सोडा. टर्बो 350 चा पहिला गिअर 2.52 आणि टर्बो 400 चा 2.48. जड गाडी जागेवरून हलवायला तेच बरे.

जुना गिअरबॉक्स विकत घेताना

जुना, न उघडलेला पॉवरग्लाइड दोनशे ते चारशे डॉलरला मिळतो. स्वस्त म्हणून केस तडकलेली घेऊ नका. आत रिव्हर्सच्या स्टील प्लेट ज्या खाचांत बसतात त्या खाचा बोट फिरवून पाहा. तिथे तुकडा उडालेला असेल तर तो व्यवहार सोडून द्या. पॅन उघडू दिला तर तळाचा गाळ बघा. काळा, मऊ गाळ म्हणजे झिजलेल्या क्लच प्लेट. त्या तुम्ही बदलणारच आहात, घाबरू नका. पितळी चमक असेल तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर गेला आहे. लोखंडाचे कण दिसले तर मात्र गिअर सेट किंवा पंप खराब असण्याची शक्यता धरा आणि किंमत निम्म्यावर आणा.

उघडल्यावर ड्रमच्या बाहेरच्या अंगावर, म्हणजे बँड जिथे घासतो तिथे, नखाला लागेल असा चर पडलेला नसावा. हलका चर मशीन शॉपवाला पन्नास-शंभर डॉलरमध्ये काढून देतो. पंपाच्या गिअरवर आणि खोलगट भागात खोल ओरखडे असतील तर पंप बदला. सगळा दाब तिथेच तयार होतो.

पैसे कुठे घालायचे

मूळ इनपुट शाफ्ट हा पॉवरग्लाइडचा कच्चा दुवा. साधारण चारशे-साडेचारशे अश्वशक्तीच्या पलीकडे, आणि ट्रान्सब्रेक लावणार असाल तर त्याआधीही, तो बदला. चांगल्या पोलादाचा शाफ्ट दोनशे ते साडेतीनशे डॉलरला येतो. इथे वाचवलेले पैसे स्टार्ट लाइनवर शाफ्ट पिळून तुटतो तेव्हा दामदुपटीने जातात, कारण तुटलेला शाफ्ट एकटा जात नाही.

ट्रान्सब्रेकसह मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी चारशे ते सातशे. ट्रान्सब्रेक लो बँड आणि रिव्हर्स क्लच एकाच वेळी धरून गाडी जागेवर जखडतो आणि बटण सोडले की सोलेनॉइड रिव्हर्सचा दाब मोकळा करतो. ही व्हॉल्व्ह बॉडी लावली की व्हॅक्यूम मॉड्युलेटर आणि गव्हर्नर लागत नाहीत, म्हणून ते भाग दुरुस्त करण्यावर खर्च करू नका. नव्या माणसाने पहिल्या हंगामात ट्रान्सब्रेक घेतलाच पाहिजे असे नाही. फूटब्रेकवर सुरुवात करून व्हॉल्व्ह बॉडी नंतर घेतली तरी चालते, आणि गिअरबॉक्स गाडीत ठेवून पॅन उतरवून ती बदलता येते.

सरळ दात्यांचा रेसिंग गिअर सेट हजार डॉलरकडे किंवा त्यापुढे जातो. पाचशे अश्वशक्तीच्या आतल्या हलक्या गाडीला मूळ सेट, दाते स्वच्छ असतील तर, पुरतो. दुकानदार आग्रह करेल. त्याला नाही म्हणा आणि तो पैसा कन्व्हर्टरमध्ये घाला.

कन्व्हर्टरवर गाडीची चाल ठरते. सहाशेपासून सुरुवात होते, गाडीचे माप घेऊन बनवलेला नऊशे ते पंधराशेपर्यंत. बीटीई, कोअन, एटीआय, ह्यूज अशा कोणाकडूनही घ्या, पण ऑर्डर देण्याआधी फोनवर बोला. गाडीचे चालकासह वजन, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो, टायरची उंची, कॅमशाफ्टचे आकडे आणि इंजिनची खरी ताकद सांगा. ताकद वाढवून सांगितली तर चुकीच्या स्टॉल स्पीडचा कन्व्हर्टर हातात येतो आणि तो पुन्हा उघडून घ्यायचे पैसे पडतात. जुना, जळका कन्व्हर्टर धुऊन वापरू नका. आतला कचरा पहिल्याच दिवशी नव्या क्लचमध्ये येतो.

बाकी किरकोळ: बुश आणि थ्रस्ट वॉशरचा संच पन्नासच्या आसपास, फिल्टर आणि खोल पॅन साठ ते शंभर, वेगळा कूलर शंभर-दीडशे, टाइप एफ तेल सत्तर-ऐंशी. किटमध्ये बुश नसतील तर ते वेगळे मागवा. पंपाचा बुश बदलायचा कंटाळा केला की पुढचे ऑइल सील गळते आणि सगळा गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागतो.

हत्यारे

सर्क्लिप पक्कड, पंप ओढायचे दोन स्लाइड हॅमर, क्लच ड्रममधल्या स्प्रिंग दाबायचे कॉम्प्रेसर, फिलर गेज, चुंबकी बैठकीचा डायल गेज आणि इंच-पाउंडचा टॉर्क रेंच. सगळे नवे घेतले तर अडीचशे-तीनशे. स्लाइड हॅमर अनेक ऑटो पार्ट्सच्या दुकानांतून अनामत ठेवून उसने मिळते. डायल गेज मात्र स्वतःचा असू द्या. स्प्रिंग दाबताना डोळ्यांवर चष्मा हवा. कापडाची चिंधी टेबलावर नको, तिचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. कागदी टॉवेल वापरा. ग्रीसही नको. असेंब्ली जेल किंवा साधी पेट्रोलियम जेली तेलात विरघळते.

मोजमाप: इथे घाई केली की खर्च दुप्पट

दुकानदार ज्याची मजुरी घेतो ते काम खरे तर हे आहे. फ्रिक्शन प्लेट आणि बँड बसवण्याआधी निदान अर्धा तास तेलात बुडवून ठेवा. क्लच पॅकमध्ये मोकळी जागा किती हवी ते किटवाल्याच्या कागदावर असते. तो नसेल तर दर फ्रिक्शन प्लेटमागे सुमारे 10 थाऊ, म्हणजे इंचाचे 10 हजारांश, असा अंदाज बांधणारे धरतात. जागा कमी पडली तर प्लेट घसटत जळतात, जास्त झाली तर गिअर उशिरा पडतो. जाड-पातळ स्टील प्लेट बदलून ती जुळवायची. त्यासाठी वीस-तीस डॉलरच्या जादा प्लेट आधीच मागवून ठेवा, नाहीतर शनिवारी काम अडते आणि पार्सल बुधवारी येते.

पंप बसल्यावर शाफ्ट पुढे-मागे किती हलतो ते डायल गेजने मोजा. शेवरोलेच्या मूळ मापात हे अंतर 28 ते 59 थाऊ आहे. रेसिंगवाले खालच्या टोकाजवळ ठेवतात, आणि ते निवडक जाडीच्या थ्रस्ट वॉशरने जुळवायचे असते.

बँडचा स्क्रू 70 इंच-पाउंडाला आवळून, वापरातल्या बँडसाठी बरोबर चार फेरे आणि नव्यासाठी तीन फेरे मागे घ्यायचा, हे कारखान्याचे माप. रेसिंग बँडसोबत वेगळी सूचना आली असेल तर ती पाळा. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: हा स्क्रू मनाला येईल तितका मागे फिरवू नका. बँडला टेकवलेला छोटा आधार आत खाली पडतो आणि तो परत बसवायला गिअरबॉक्स उघडावा लागतो.

पॅन लावण्याआधी तेलाच्या वाटांतून कमी दाबाची हवा सोडून प्रत्येक क्लचचा पिस्टन धप्प आवाज करतो का ते ऐका. नुसता फुस्स आवाज आला तर सील कापले गेले आहे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि नव्या माणसाचे सर्वाधिक पैसे तीच वाचवते.

कन्व्हर्टर बसवताना तो तीन ठिकाणी अडकतो: टर्बाइनचे दाते, स्टेटरचे दाते आणि शेवटी पंपाची खाच. हलकेच फिरवत आत ढकला. गिअरबॉक्स इंजिनला पूर्ण टेकला की कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात 1/8 ते 3/16 इंच फट राहिली पाहिजे. फट नसेल आणि बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला, तर इंजिन सुरू करण्याआधीच पंप फुटतो. तेल भरताना सुरुवातीला चार क्वार्ट घाला, इंजिन सुरू करा आणि न्यूट्रलमध्ये ठेवून बाकीचे भरा.

नियमांचा खर्च

बजेटमधून हमखास सुटतो तो हा. एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमांनुसार पाव मैल 10.99 सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात, अथवा ताशी 135 मैलांच्या वर धावणाऱ्या गाडीच्या ऑटोमॅटिकला एसएफआय 4.1 प्रमाणपत्राचे कवच लागते. 9.99 आणि त्याखाली 29.1 चा फ्लेक्सप्लेट आणि 30.1 चे फ्लेक्सप्लेट कवचही. गिअरबॉक्सचे कवच दोनशे ते चारशे, फ्लेक्सप्लेट शंभर-दोनशे, त्याचे कवच दोनशेच्या आसपास. जुने कवच घेताना लेबलवरची तारीख वाचा, मुदत संपलेली असेल तर तपासणीत गाडी परत पाठवतात. रिव्हर्स लॉकआउट असलेला शिफ्टर आणि न्यूट्रल सेफ्टी स्विच सगळ्यांनाच हवा. गाडी साडेअकरा सेकंदांची असली तरी मी कवच लावाच म्हणेन. मूळ ड्रम ओतीव लोखंडाचा आहे, आणि तो फुटला तर त्याचे तुकडे चालकाच्या पायांजवळ येतात.

एकूण

चारशे अश्वशक्तीची, अकरा-बारा सेकंदांची गाडी धरू. जुना गिअरबॉक्स 300, किट 250, बुश 50, शाफ्ट 250, ट्रान्सब्रेक 500, फिल्टर-पॅन 60, तेल 80, कूलर 120, कन्व्हर्टर 800, हत्यारे 250, कवच 300. बेरीज 2,960. यावर पाचशे डॉलर हाताशी ठेवा, कारण उघडल्यावर एखादा भाग वाईट निघतोच. ट्रान्सब्रेक पुढच्या वर्षावर टाकला तर सुरुवात अडीच हजारांत होते. फूटब्रेकवर याच ताकदीला मूळ शाफ्ट एक हंगाम निघतो, पण तो आधी तडे आणि पिळ्यासाठी तपासून घ्या.

इंजिन सातशे अश्वशक्तीच्या पुढचे असेल, किंवा नायट्रस वा टर्बो असेल, तर पहिला गिअरबॉक्स घरी बांधू नका. तिथे मजबूत केस, पोलादी ड्रम आणि रेसिंग गिअर सेट लागतो आणि नुसत्या भागांचाच खर्च साडेतीन-चार हजारांवर जातो. तो तयार घ्या, आणि हात बसवण्यासाठी दोनशे डॉलरचा जुना पॉवरग्लाइड वेगळा आणून उघडा.