किहीमच्या बंगल्यावर पोकरचा डीलर: नेमायचा कसा आणि पैसे द्यायचे कसे



आजचा धडा सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. किहीम, चोंढी, मांडवा या पट्ट्यात शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी बंगल्यावर येतात. त्यांना जेवण, साफसफाई, सजावट पुरवणारे आपल्यातले बरेच जण आहेत. अशा गिऱ्हाइकाने उद्या विचारलं, "रात्री पोकर खेळायचंय, पत्ते वाटायला माणूस मिळेल का?" तर हो म्हणायचं की नाही? आणि हो म्हटलं तर दर कसा लावायचा?

आधी काम समजून घ्या

टेक्सास होल्डेम ५२ पत्त्यांच्या कॅटवर खेळतात. डीलर पत्ते पिसतो, प्रत्येकाला २ पत्ते वाटतो, मग टेबलावर आधी ३, नंतर १ आणि शेवटी आणखी १ पत्ता उघडतो. कुणाची पाळी आहे ते सांगतो, चिप्स मोजतो, डाव संपला की पॉट जिंकणाऱ्याकडे सरकवतो. तो स्वतः खेळत नाही. म्हणजे गिऱ्हाईक विकत घेतं ते त्याचा वेळ, हाताची सफाई आणि नि:पक्षपातीपणा. हे लक्षात ठेवा, कारण दर यावरूनच ठरणार आहे.

मोह कुठे आहे

एखादा यजमान म्हणेल, "ताशी पैसे कशाला, प्रत्येक पॉटमधून ५ टक्के घ्या." पोकरवाले याला रेक म्हणतात. गणित करून बघू. तासाला २५ डाव, सरासरी पॉट २,००० रुपये धरला तर ५ टक्क्यांनी तासाला २,५०० होतात. पाच तासांचे १२,५००! ताशी ५०० रुपये रोजापुढे हा आकडा कुणालाही भुरळ घालेल.

पण इथेच धंदा बदलतो. आपल्याकडे महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ लागू आहे. जागेत जुगाराचं साहित्य ठेवून किंवा वापरून जागा चालवणारा नफा कमावत असेल, तर कायद्याच्या भाषेत तो जुगाराचा अड्डा. कलम ४ मध्ये अड्डा चालवणाऱ्यासोबत तो चालवायला कोणत्याही प्रकारे मदत करणाराही येतो, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची आहे. कलम ५ प्रमाणे खेळ चालू असताना तिथे सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं गृहीत धरलं जातं; तसं नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. "साहेब, मी फक्त पत्ते वाटत होतो" एवढ्याने तुमचा पोरगा सुटेल, या भरवशावर राहू नका.

"पण पोकर तर कौशल्याचा खेळ आहे ना?" यावर एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात जुगाराच्या व्याख्येतून पोकर नाव घेऊन वगळला आहे. उलट २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर जुगारात धरला. आपल्या कायद्यात पोकरला अशी नावानिशी सूट नाही. आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं, तेव्हाही सांगितलं की पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो.

म्हणून आपला नियम साधा: पैसे लावून चालणाऱ्या खेळाला माणूस द्यायचा नाही, साहित्यही द्यायचं नाही. चिप्स फक्त गुण मोजायला. बक्षीस ठेवायचं तर ते यजमानाच्या खिशातून, खेळणाऱ्यांच्या वर्गणीतून नाही.

दर कसा काढायचा

खालचे आकडे हिशोब समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातला दर तुम्ही चौकशी करून घाला.

- डीलर: रात्री ८ ते १ खेळ, मांडामांड आणि आवराआवर १ तास. एकूण ६ तास × ५०० = ३,००० रुपये
- येण्याजाण्याचा खर्च: ६००
- टेबल, चिप्स, दोन नवे कॅट: १,०००
- तुमचं नियोजन आणि नफा: १,४००
- गिऱ्हाइकाला सांगायचा दर: ६,००० रुपये

जादा तासाचा दर आधीच ठरवा: गिऱ्हाइकाकडून ७००, त्यातले ५०० डीलरचे. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. खेळ लवकर मोडला तरी डीलरचे ठरलेले ३,००० त्याला मिळालेच पाहिजेत, कारण त्याने ती रात्र तुमच्यासाठी राखून ठेवली होती.

टिप यजमानाने शेवटी खुशीने द्यावी आणि ती पूर्ण डीलरची. त्यात हात घालू नका. जेवण आणि दर तासाला थोडी विश्रांतीही ठरवून घ्या. थकलेला माणूस पत्ते चुकीचे वाटतो आणि भांडण तुमच्या नावावर येतं. आणि रात्री एकला मांडव्याहून बोट मिळेल असं धरून चालू नका. परतीची गाडी किंवा झोपायची सोय तुम्हीच बघायची.

माणूस कसा निवडायचा

गोव्यात परवाना असलेले कॅसिनो आहेत. तिथे काम करून परत आलेला कुणी ओळखीत असेल तर उत्तम. नसेल तर गावातला हिशोबाला पक्का मुलगा किंवा मुलगी घेऊन महिनाभर सराव करून घ्या. चाचणी अशी: सहा जण बसवा, दहा डाव वाटायला लावा. एकही पत्ता चुकून उघडला नाही, पाळी चुकली नाही आणि कुणी आवाज चढवला तरी तो शांत राहिला, तर पास. वय १८ च्या वर आहे याचा पुरावा घ्या.

आजचा गृहपाठ

वहीत एका पानावर हा करार लिहा: तारीख, वेळ, दर, जादा तास, परतीची सोय. त्याखाली ठळक अक्षरात एक ओळ: "टेबलावर रोख रक्कम किंवा पैशांची देवाणघेवाण दिसल्यास आमचा माणूस काम थांबवेल, ठरलेले पैसे द्यावे लागतील." हे पान एकदा वकिलाला दाखवा, मगच पहिली ऑर्डर घ्या.

ही ओळ वाचून एखादं गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्या. पुढच्या शनिवारी जेवणाची ऑर्डर घ्यायला तुम्ही बाहेर असणं जास्त गरजेचं आहे.