घर मिळालं, ऊन नाही

झोपडी गेली, पक्कं घर आलं आणि घरातच संडास आला. बायांची पहाटेची रांग गेली, रात्री बाहेर जायची भीती गेली. ही लहान गोष्ट नाही. पण गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाची 225 चौरस फुटांची घरं बांधताना दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर जागा सोडली. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लागतो. 2018 मध्ये पुढे आलेल्या ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासात अशा कोंदट, अंधाऱ्या घरांत टीबी जास्त आढळला.

टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत येतात. उन्हाने मरतात, वाऱ्याने पांगतात. बंद खोलीत बराच वेळ टिकतात. आणि त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ कोण असतं? स्वयंपाक, शिलाई, आजाऱ्याची सेवा करणारी बाईच. खोकला आला तर “फोडणीचा असेल” म्हणून ती महिने काढते.

भगिनींनो, दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटत असेल तर पालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी, औषधं मोफत आहेत. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे महिना 1000 रुपये बँकेत जमा होतात. खातं स्वतःचं द्या. खिडकीसमोरचं कपाट हलवा.

पुनर्वसनाचं घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं. वाटपपत्रात आपलं नाव आहे का, आजच पाहा. टीबी झालेल्या सुनेला माहेरी धाडणारी घरं अजून आहेत.