व्यसन आणि दुसरा पर्याय

व्यसनी मनुष्याच्या ठायी निवड करण्याची शक्तीच उरत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घरची मंडळी उपदेश करून थकतात आणि पुढे त्या मुलाशी बोलणेही टाकतात. ही समजूत प्रयोगाने तपासली गेली आहे.

२००७ साली फ्रान्समधील बोर्दो येथे सर्ज अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांपुढे दोन कळा ठेविल्या. एक दाबली असता शिरेतून कोकेन मिळे, दुसरीने सॅकरीनचे गोड पाणी. शेकडा ९४ उंदरांनी गोड पाणीच पत्करले! २०१८ साली अमेरिकेत व्हेनिरो व शहाम यांनी गोड पाण्याच्या जागी दुसऱ्या उंदराचा सहवास ठेविला. मादक द्रव्याची चटक लागलेल्या उंदरांनीही सोबतच निवडली. मात्र ती सोबत मिळण्यास विलंब होऊ लागताच ते पुन्हा द्रव्याकडे वळले.

माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरे. परंतु अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांवर हाच विचार योजिला. लघवीच्या तपासणीत कोकेन न आढळल्यास तत्काळ एक चिठ्ठी मिळे व तिच्या बदल्यात उपयुक्त वस्तू घेता येई. लागोपाठच्या प्रत्येक निर्दोष तपासणीगणिक चिठ्ठीचे मूल्य वाढे. कोकेन आढळले की ते पुन्हा मूळपदावर येई. १९९४ च्या अहवालानुसार चिठ्ठ्या मिळणाऱ्यांपैकी शेकडा ७५ जणांनी २४ आठवड्यांचा उपचार पुरा केला. चिठ्ठ्यांविना तोच उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ४० जणांनी. यास कोणी लाच म्हणतील. माझ्या मते ती लाच नव्हे. नशेचे सुख क्षणात मिळते आणि संयमाचे फळ वर्षांनी, हे अंतर तिने कमी होते.

पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेल्या मुक्तांगणात अशा चिठ्ठ्यांवर भर नाही. तेथे सोबत्यांचा समूह व कुटुंबाचा सहभाग यांना महत्त्व आहे. सोबतीचे मोल उंदरांनाही कळले, ते येथे आठवते. घरी हे सहज करता येईल. "वर्षभर सुधारलास तर दुचाकी घेऊन देऊ" या वचनापेक्षा आज संध्याकाळी, त्याच्या नेहमीच्या बाहेर पडण्याच्या वेळी, बुद्धिबळाचा डाव मांडलेला बरा.

आपल्या तेलंगणात एक सावधगिरी हवी. येथील भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधे मिसळलेली आढळली आहेत. ती एकाएकी बंद केल्यास झटके येतात, भ्रम होतो, जीवही धोक्यात येतो. अशा वेळी आधी डॉक्टर गाठावा; हैदराबादेत एर्रागड्डा येथे सरकारी मनोरुग्णालय आहे.