बचतीचा नियम कचऱ्याला लावून बघूया



या महिन्याचा आपला अभ्यास गावाच्या वेशीवरच्या ढिगाचा आहे. वाचायला दहा मिनिटं लागतील. शक्यतो बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बोलता येईल.

गेल्या २ ऑक्टोबरला आपल्या प्रभागातल्या एका गावात आम्ही स्वच्छता मोहीम घेतली. सकाळी सातला चाळीस जणी झाडू, घमेली, फावडी घेऊन हजर. बाजारतळ झाडला, ओढ्याकाठचा ढीग उचलला, बॅनर धरून फोटो काढला, चहा झाला. मी खूश! दिवाळीनंतर त्याच गावात बैठकीला गेले, तर ओढ्याकाठी ढीग परत तेवढाच. मी काही बोलायच्या आत एक मावशी म्हणाल्या, "ताई, फोटो घेऊन तुम्ही गेलात. ढीग आमच्याकडंच राहिला."

मला लाज वाटली. मोहीम मी ठरवली होती, तारीखही मीच. पण उचललेला कचरा पुढे जाणार कुठे, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. ट्रॉलीने तो गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ओतला होता. चाळीस जणींनी घाम गाळून ढीग फक्त इकडचा तिकडे केला.

आता दुसरी बाजू बघा. त्याच मावशींचा समूह सात वर्षं चालू आहे. पाऊस असो, लग्नसराई असो, बैठक चुकत नाही, बचत चुकत नाही. ज्या बायका शंभर रुपये सात वर्षं चुकवत नाहीत, त्यांचं श्रमदान एका दिवसात का संपतं? विचार केल्यावर लक्षात आलं की बचतीला आपण नियम लावला आहे. श्रमदानाला कधी लावलाच नाही.

वेंगुर्ल्याने काय केलं?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं वेंगुर्ला हे समुद्राकाठचं छोटं शहर. वस्ती बारा हजारांच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढी. तिथेही शहराबाहेर कचऱ्याचे डोंगर होते. २०१५ साली रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी म्हणून आले आणि कामाची सुरुवात घराच्या दारापासून झाली. कचरा घरातच वेगळा करायचा आणि वेगळाच गाडीत द्यायचा. पुढे कचऱ्याच्या आवारात त्याची आणखी बारीक वर्गवारी व्हायची. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत. पातळ प्लास्टिकचा चुरा करून तो रस्त्याच्या डांबरात. बाकी भंगार विक्रीला. ज्या जागेवरून लोक नाक धरून जायचे, तिथे बाग झाली आणि बाहेरगावची माणसं ती बघायला येऊ लागली.

यात आपल्यासाठी शिकण्यासारखी गोष्ट मशीन ही नाही. मशीन नगरपरिषद घेईल, आपण नाही घेऊ शकत. शिकायचं ते एवढंच, की एकदा मिसळलेला कचरा कुणालाच नको असतो आणि वेगळा ठेवलेला कचरा बहुतेक सगळा कुणाला ना कुणाला हवा असतो. आणि वेगळं करण्याचं काम रोजचं आहे. २ ऑक्टोबरचं नाही.

आपल्या ढिगात असतं काय?

आपल्या आज्यांच्या काळीही कचरा होता. शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठं सगळं उकिरड्यात जायचं आणि वर्षाने शेतात. तो उकिरडा आजही चांगलाच आहे, फक्त त्यात प्लास्टिक शिरलं. तसलं खत शेतात टाकलं की नांगराच्या फाळाला पिशव्या गुंडाळून येतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. उष्टं घालून पिशवीला गाठ मारून टाकली की गाय पिशवीसकट खाते. ते प्लास्टिक तिच्या पोटात पचत नाही, बाहेरही पडत नाही, साचत जातं.

म्हणून घरात चार भाग करा:

• ओला: भाजीपाल्याची साल-देठं, उष्टं, चहाचा चोथा. हे जनावराला, उकिरड्याला किंवा खताच्या टाक्याला.
• सुका: कागद, पुठ्ठा, पत्रा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. धुऊन, वाळवून गोणीत भरा.
• पॅड आणि डायपर: कागदात गुंडाळून वेगळं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी सांगितलं की अशा पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ती उघडून बघावी लागणार नाही. आपल्यालाही हे सहज करता येईल. जो हात कचरा उचलतो तोही बाईचाच असतो.
• घातक: जुने सेल, बल्ब, सुया, मुदत संपलेली औषधं, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. फवारणीची बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता. ती बाटली पाण्याला, तेलाला, रॉकेलला कधीच वापरू नका.

एक सवय मात्र आजपासून बंद. चूल पेटवायला दुधाची पिशवी किंवा वेफर्सची पुडी लावायची नाही. तो धूर विषारी असतो, आणि चुलीपुढे बसलेली असता तुम्ही, मांडीवर असतं बाळ.

पंचसूत्री इथेही चालते

नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. ही पाच सूत्रं तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगाल. आता तीच कचऱ्याला लावू.

पहिलं, बैठक. प्रत्येक बैठकीत शेवटची दहा मिनिटं कचऱ्याची. कुणाच्या घरी गोणी भरली, कुणाला अडचण आली, एवढंच बोला. वेगळी सभा नको, वेगळा दिवस नको.

दुसरं, बचत. प्रत्येकीच्या घरी सुक्या कचऱ्याची एक गोणी. महिन्यातून एकदा बैठकीच्या दिवशीच सगळ्या गोण्या एकत्र आणा. एका घरची अर्धी गोणी न्यायला भंगारवाला येत नाही. दहा-बारा घरांच्या गोण्या एका जागी असल्या तर त्याचीही फेरी वाया जात नाही. आधी दोन ठिकाणी भाव विचारा, काटा आपल्यासमोर करायला लावा. पैसे थोडेच येतील. ते समूहाच्या खात्यात जमा करायचे की गोणी भरणाऱ्या बाईला द्यायचे, हे आधीच ठरवा. नंतर ठरवलं तर भांडण होतं. वेफर्सच्या चकचकीत पुड्या भंगारवाला सहसा घेत नाही. त्यांच्यासाठी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा केंद्रांची तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र चालू आहे का, आपल्या गावाची गाडी तिथे जाते का, हे ग्रामपंचायतीत विचारायचं काम एका ताईने घ्या.

तिसरं, अंतर्गत कर्ज. इथे पैशाऐवजी भांडी द्या. बारसं, हळदीकुंकू, सप्ताह म्हटलं की प्लास्टिकचे पेले आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या येतात. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे, तरी ओढ्यात त्याच दिसतात. समूहाने किंवा ग्रामसंघाने शंभर स्टीलची ताटं, शंभर वाट्या, शंभर पेले घेतले आणि नाममात्र भाड्याने दिले, तर तेवढा ढीग जन्मालाच येत नाही. ही झाली भांडी बँक.

चौथं, परतफेड. भांडी मोजून द्या, मोजून घ्या, हरवलं तर भरून घ्या. श्रमदानाची पाळी असेल आणि एखादी आजारी पडली, माहेरी गेली, तर तिने पुढच्या वेळी पाळी भरून द्यावी. हप्ता पुढे गेला तर आपण समजून घेतो, सोडून देत नाही. तसंच.

पाचवं, हिशेब. समूहाच्या वहीत एक पान याला ठेवा. तारीख, कोण कोण आलं, किती तास काम केलं, किती किलो गेलं, किती पैसे आले. तासांचा रकाना विसरू नका. तो कशाला, ते पुढे सांगते.

ओल्या कचऱ्याला जागा हवी असेल तर नाडेप टाकं आपल्या मातीतलंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली आणि त्यांच्या नावावरूनच तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, हवेसाठी भिंतीत भोकं ठेवलेली. पालापाचोळा, शेणकाला आणि माती असे थर देत टाकं भरायचं, वरून लिंपायचं, ओल टिकवायची. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं. घाण वास आला तर समजा पाणी जास्त झालं किंवा हवा कमी पडली. कोरडा पाला वाढवा.

श्रमदान की फुकटची मजुरी?

आता तासांच्या रकान्याचं. हे लिहिताना मला जड जातंय, पण लिहायलाच हवं.

आपल्याच भागातल्या एका गावात आठवडी बाजारानंतरची झाडलोट श्रमदान म्हणून एका समूहाकडे आली. विचारणा माझ्यामार्फत झाली आणि मी उत्साहाने हो म्हणून टाकलं. पहिल्या आठवड्यात सगळ्या हसतखेळत गेल्या. पाच महिने झाले तरी काम चालूच. मग एक ताई बैठकीत म्हणाली, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी झाडायला थांबले की निंदणीला जाता येत नाही. अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. बचत कशातून भरू?" तिचे दोन हप्ते थकले होते आणि समूहाने नियमाप्रमाणे तिला दंड लावला होता. गावासाठी राबली, म्हणून दंड भरला!

चूक तिची नव्हती, समूहाचीही नव्हती. श्रमदान आणि रोजचं काम यांतला फरक आम्ही कुणीच केला नव्हता. तो असा करता येईल:

आपलं घर, आपली गल्ली, आपला पाणवठा, वर्षातून एक-दोनदा सगळ्यांनी मिळून करायचं काम, हे श्रमदान. त्यात बायकांबरोबर पुरुषही हवेत. पण दर आठवड्याला, सगळ्या गावासाठी, जे करणं ग्रामपंचायतीची किंवा नगरपंचायतीची जबाबदारी आहे, ते काम आहे. कामाला मोबदला असतो.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. सभासद दारोदार कचरा गोळा करतात, घरामागे ठरलेलं शुल्क घेतात, भंगाराचे पैसेही त्यांचेच. त्या शहराची सेवा करतात, पण फुकट नाही. वेंगुर्ल्यातच मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. कांदळवन जपलं तर त्यांचा धंदा टिकतो. निसर्ग राखणं आणि दोन पैसे मिळवणं यांत लाज वाटण्यासारखं काही नाही.

म्हणून कुणीही श्रमदानाचा निरोप आणला, मग मी आणला तरी, हे चार प्रश्न आधी विचारा:

१. हे काम किती वेळा आणि कधीपर्यंत करायचं?
२. ही कुणाची जबाबदारी आहे? त्यासाठी निधी येतो का?
३. उचललेला कचरा पुढे कुठे जाणार?
४. ठरवताना आम्ही हजर होतो का? आमच्या वहीत ठराव आहे का?

निधीचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. आपल्या गावात त्यातून काय झालं, हे विचारायचा हक्क प्रत्येक मतदार बाईला आहे. विचारायची जागाही आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. तासांचा रकाना घेऊन जा. "आम्ही खूप काम केलं" म्हटलं तर लोक टाळ्या वाजवतात. "पाच महिन्यांत इतके तास केलं, ही वही" म्हटलं तर उत्तर द्यावं लागतं.

त्या समूहाने नंतर ताईचा दंड मागे घेतला, झाडलोट थांबवली आणि मोबदल्यासाठी अर्ज दिला. अर्जाची पोच घेतली आहे. उत्तर अजून यायचंय. आलं की याच पानावर कळवीन.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा

• प्रत्येकीने घरात सुक्या कचऱ्याची गोणी सुरू करा.
• आठ दिवस रोज बघा, घरात सगळ्यात जास्त पुड्या-पिशव्या कशाच्या येतात. यादी बैठकीत सांगा.
• वहीत श्रमदानाचं पान पाडा, तासांच्या रकान्यासकट.
• पुढची महिला सभा कधी आहे, हे सीआरपी ताईंनी ग्रामपंचायतीत विचारून यावं.

चर्चेसाठी एक प्रश्न: गेल्या वर्षभरात आपण जे श्रमदान केलं, त्यातलं आज काय शिल्लक आहे?

त्या मावशींच्या समूहात आता अकरा गोण्या सुरू आहेत. ओढ्याकाठचा ढीग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. पण या वेळी मी फोटो काढला नाही. वहीतलं पान बघितलं, त्यावर तीन महिन्यांच्या नोंदी होत्या. मावशी म्हणाल्या, "आता हे आमचं आहे ताई, तुम्ही नाही आलात तरी चालेल."

आपली,
क्षेत्र समन्वयक